हवामानाचे निमित्त

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण ज्याने प्रथम योजिली त्याच्या डोळ्यांपुढे सायकल असणे शक्य नाही. तथापि हिवाळ्याची चाहूल लागताच आपली धडधाकट सायकल तळघरात नेऊन ठेवणाऱ्या, आणि वर दोष मात्र ऋतूला देणाऱ्या सुशिक्षित मंडळींना ती जितकी चपखल लागू पडते, तितकी दुसऱ्या कोणास क्वचितच पडत असेल. या लेखात मला या मंडळींशी थोडे भांडावयाचे आहे. भांडण घरच्या माणसांशी आहे. म्हणून आरंभीच कबूल करून टाकतो की, एके काळी मीही त्यांच्यातच मोडत होतो.

अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरी मी काही हिवाळे काढले. हे शहर सुमारे ४५ उत्तर अक्षांशावर मिसिसिपी नदीच्या काठी वसले आहे. जानेवारीत तेथील रात्रीचे तपमान सरासरीने शून्याखाली सुमारे १३ अंशांपर्यंत उतरते, आणि एका हिवाळ्यात सव्वा मीटरहून अधिक हिम पडते. उन्हाळ्यात मात्र हेच शहर सायकलस्वारांचे माहेर असते. जुन्या लोहमार्गाच्या खोल चरातून काढलेला 'मिडटाउन ग्रीनवे' नावाचा सुमारे ९ किलोमीटर लांबीचा मार्ग शहराच्या अंगातून जातो. त्याच्या बऱ्याच लांबीत मोटारी डोक्यावरील पुलांवरून धावत असतात आणि खाली सायकलस्वार निर्धास्तपणे जात-येत असतो. जून महिन्यात या मार्गावर जत्रा लोटते. नोव्हेंबर सरला की तीच जत्रा पांगते आणि वाट जवळजवळ ओस पडते.

पहिल्या वर्षीच्या दिवाळीत फराळाच्या निमित्ताने आम्ही काही मराठी कुटुंबे एका स्नेह्यांच्या घरी जमलो होतो. अंगणात टेकवून ठेवलेली माझी सायकल पाहून यजमान म्हणाले, "अहो, ही अजून बाहेरच? आता तिला खाली तळघरात टाका. एप्रिलात काढू. हे काय आपलं पुणं आहे, बारा महिने सायकल फिरवायला?" जमलेल्या सर्वांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पुण्यात बारा महिने सायकल फिरविणारे या घोळक्यात किती जण होते, हा प्रश्न त्या वेळी कोणासच सुचला नाही. त्याकडे मी शेवटी वळणार आहे.

सायकल तळघरात गेली. पुढे एका पहाटे, सहा वाजण्याच्या सुमारास, मी खिडकीशी चहा घेत उभा असताना समोरच्या रस्त्यावर एक मनुष्य सायकलीवरून येताना दिसला. अंगावर जाड कोट, पाठीवर पिशवी, आणि कोटाखाली उपाहारगृहातील भटारखान्याचा पांढरा गणवेश. रात्रपाळी करून तो घरी निघाला असावा. वळणावर त्याचे पुढचे चाक सरकले आणि तो आडवा झाला. काही क्षणांनी उठला, गुडघा झटकला, हँडल सरळ केले आणि पुन्हा स्वार होऊन निघून गेला. हे सारे त्याच्या इतके अंगवळणी पडलेले दिसले की, आज तो प्रथमच पडला नव्हता हे सांगावयास कोणाची गरज नव्हती. त्याच्या सायकलीला उन्हाळ्यातले गुळगुळीत टायर होते आणि मडगार्ड मुळीच नव्हते. त्यामुळे रस्त्यावरच्या खाऱ्या राड्याची एक काळी रेघ त्याच्या कोटावर कंबरेपासून मानेपर्यंत उठली होती.

त्या पहाटेपासून माझा पक्ष बदलला. हिवाळ्यात सायकल चालविता येते की नाही, हा वाद आम्ही फराळाच्या ताटाशी बसून घालीत होतो. आणि ज्यांना मोटार परवडत नाही, ज्यांच्या पाळीच्या वेळेला बस नाही, अशी माणसे ती रोज चालवीतच होती. प्रश्न चालविता येण्याचा नव्हताच. चालविणाऱ्याच्या हाती योग्य साहित्य आहे की नाही, आणि त्याच्यासाठी रस्त्याची वास्तपुस्त कोणी घेतो की नाही, एवढाच खरा प्रश्न होता.

आता साहित्याकडे वळू. प्रथम हिम आणि बर्फ यांतला भेद ध्यानी घेतला पाहिजे. नुकतेच पडलेले भुसभुशीत हिम दिसावयास भयंकर, परंतु ते वीतभर साचलेले नसेल तर रुंद, खोल नक्षीच्या टायराने तुडविता येते. खरा वैरी बर्फ होय. दिवसा किंचित वितळून रात्री पुन्हा गोठलेला, डांबराच्या रंगात रंग मिसळून बसलेला, दिव्याच्या उजेडातही न ओळखू येणारा असा तो काळा पापुद्रा असतो. त्यातही कडक थंडीतल्या कोरड्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचा थर धरलेला बर्फ अधिक निसरडा. म्हणजे थंडी जितकी जास्त तितका धोका जास्त, ही सामान्य समजूतही खरी नव्हे. अशा ठिकाणी मोटार घसरली तर तिला चार चाके असतात. ती सरकते, गिरकी घेते, पण उभी राहते. सायकलीचे पुढचे चाक एकदा बाजूस सरकले की, स्वाराने काही करण्यापूर्वी तो जमिनीवर असतो.

यावर उपाय नवा नाही. बर्फाच्या देशांत घोड्यांच्या नालांना हिवाळ्यासाठी टोकदार खिळे ठोकीत असत. आमच्याकडील नालबंदास वा बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविणाऱ्या लोहारास ही गोष्ट अर्ध्या वाक्यात समजली असती: जशी जमीन, तसे पायताण. मोटारींच्या बाबतीत हा विचार फिनलंडमधील रबराच्या कारखान्याने १९३४ साली केला आणि मालमोटारींकरिता हिवाळ्याचा खास टायर काढला. सायकलीसाठी आज मिळणाऱ्या हिवाळी टायरात रबरामध्ये धातूचे बारीक खिळे रोवलेले असतात. एका चाकावर त्यांची संख्या शंभरापासून अडीचशेपर्यंत, आणि काही जातींत त्याहूनही अधिक असते. प्रत्येक खिळ्याचे टोक रबराबाहेर जेमतेम मिलिमीटरभर डोकावते. उत्तम टायरांत त्या टोकाचा गाभा टंगस्टन कार्बाइडचा असतो, कारण साध्या पोलादाचे टोक मोकळ्या डांबरावर लवकर झिजून जाते. स्वस्त टायर घेणाऱ्यास एकाच हिवाळ्यात याचा प्रत्यय येतो.

हे टायर घेण्यास मी एका दुकानात गेलो. आधी तेथील तरुण विक्रेत्याने सायकल भिंतीवर टांगून ठेवण्याचे सुंदर आकडे मला दाखविले. टायरांचा आग्रह धरल्यावर त्याने ते आतून काढून आणले. परंतु मी मडगार्ड मागताच त्यास हसू आवरले नाही. मडगार्ड म्हणजे आजोबांच्या सायकलीचा अलंकार, असा त्याच्या बोलण्याचा एकूण रोख होता. या हसण्यात आजच्या सायकलधंद्याचे सगळे तत्त्वज्ञान साठविलेले आहे. शर्यतीच्या सायकलीस मडगार्ड नसते, कारण शर्यतीत एकेक ग्रॅम वजन मोजले जाते. म्हणून शर्यतीशी ज्यांचा सात जन्मांत संबंध नाही, अशा कारकून-शिक्षकांच्या सायकलींवरूनही मडगार्ड गेले. आणि जी वस्तू सायकलीबरोबर मुकाट्याने यावयास हवी, ती आता वेगळे दाम मोजून मागून घ्यावी लागते. छत्री विकावी आणि तिचे कापड निराळे विकावे, तसलाच हा व्यवहार आहे. मोटार विकणाऱ्याने पावसाचे पाणी काचेवरून पुसणारे हात काढून घेऊन, ते हवे असल्यास स्वतंत्र घ्या असे सांगितले, तर ग्राहक त्याच्याशी भांडेल. सायकलीचा ग्राहक भांडत नाही, कारण आपण वाहन विकत घेत आहो असे त्यास स्वतःसच वाटत नसते. तो खेळणे विकत घेत असतो; आणि खेळणे ऋतू सरला की माळ्यावर टाकावयाचेच असते.

टायर आणि मडगार्ड घेऊन मी तळघरात बसलो. त्या रविवारची फजिती येथे सांगतो, म्हणजे दुसऱ्याचा रविवार वाचेल. मी उत्साहाच्या भरात मडगार्ड आधी बसविले आणि नंतर नवे टायर चढविले. चाक फिरविताच मडगार्डाच्या आतून अशी खरखर सुरू झाली की, शेजारच्या खोलीतून मंडळी धावत आली. खिळ्यांमुळे टायरची उंची वाढते, हे साधे गणित मी विसरलो होतो. सर्व बोल्ट पुन्हा सैल करावे लागले. तेव्हा पहिला नियम हा की, आधी टायर, मग मडगार्ड. टायरच्या कडेवर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ '३५-६२२'; पहिला टायरची रुंदी व दुसरा रिमवरील बैठकीचा व्यास, दोन्ही मिलिमीटरांत. दुसरा आकडा रिमशी तंतोतंत जुळला पाहिजे; पहिला आपल्या चिमट्यात व मागच्या नळ्यांत किती जागा आहे ते पाहून ठरवावा. टायरच्या अंगावर बाण काढलेला असतो, त्या दिशेने चाक फिरले पाहिजे. टायरची कड तारेची आणि ताठ असते. ती रिमच्या मधल्या खोल खोबणीत दाबून सरकवीत नेली तर शेवटचे चार बोटे अंतर हाताने चढते, नाही तर अंगठे सोलवटतात. हातमोजे घालणे हे भित्रेपणाचे लक्षण मानू नये.

मडगार्ड टायरपेक्षा निदान आठ-दहा मिलिमीटर रुंद असावे, आणि त्या दोहोंमध्ये सर्व बाजूंनी बोटभर मोकळी जागा राहावी. कमी जागा ठेवली तर ओले हिम त्या फटीत दाटून गोठते आणि चाक जागच्या जागी जखडते. मागचे मडगार्ड खोगिराखालच्या आडव्या नळीशी व पॅडलांमागच्या नळीशी बांधावे. पुढचे चिमट्याच्या माथ्यावरील भोकातून बोल्ट घालून अडकवावे. आणि दोहोंच्या तारा आसाजवळच्या बारीक भोकांत पक्क्या कराव्यात. ती भोके नसतील तर नळीभोवती पट्टी आवळून काम भागते. पुढच्या मडगार्डाच्या तारा दाबाने सुटणाऱ्या खोबणीत बसविलेल्या असाव्यात, म्हणजे चाकात काटकी अडकलीच तर तारा आपोआप निसटतात आणि स्वार हँडलावरून पुढे फेकला जात नाही. शेवटी पुढच्या मडगार्डाच्या खालच्या टोकास रबराची एक जीभ जोडावी. ही चार बोटांची जीभ पुष्कळ जण अनावश्यक समजतात. परंतु शून्याखाली दहा अंशांत बूट ओला झाला म्हणजे काय होते, याचा ज्याने एकदा अनुभव घेतला तो सगळे सोडील पण ही जीभ सोडणार नाही.

इतके झाल्यावर लगेच बर्फावर धाव घेऊ नये. पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर कोरड्या डांबरावर, वेग आवरून व ब्रेक हळू दाबून जावे, म्हणजे खिळे रबरात नीट बसतात आणि पुढे गळत नाहीत. बर्फाच्या दिवशी टायरातील हवा, कडेवर छापलेल्या किमान मर्यादेच्या खाली न जाता, थोडी कमी ठेवावी. टायर पसरतो आणि कडेचे खिळेही जमिनीस लागतात. दोन्ही टायर एकदम घेण्याची ऐपत नसेल तर पहिला पुढे लावावा. मागचे चाक सरकले तर स्वार बहुधा सावरतो, पुढचे सरकले तर सावरीत नाही. त्या पहाटे मी पाहिलेला मनुष्य पुढच्याच चाकाने पडला होता.

आता आक्षेपांचा समाचार घेऊ. पहिला आक्षेप थंडीचा. ज्या राज्यात गोठलेल्या तळ्यांवर जाऊन, बर्फाला भोके पाडून, त्यांत गळ सोडून माणसे मौजेखातर तासन्‌तास बसतात, त्या राज्यात वीस मिनिटे पॅडल मारणे थंडीमुळे अशक्य आहे असे म्हणणे हा हवामानाचा नव्हे, तर्कशास्त्राचा प्रश्न आहे. सायकल चालविणाऱ्याचे शरीर दहा मिनिटांत तापते. नवशिका कपडे कमी घालून नव्हे, तर जास्त घालून फसतो आणि घामाने भिजतो. सांभाळावयाचे ते हात, पाय आणि कान.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. खिळ्यांचे टायर म्हणजे कवचकुंडले नव्हेत. खोल भुसभुशीत हिमात ते फारसे कामास येत नाहीत. चाकोऱ्या पडून गोठलेल्या खडबडीत बर्फावर ते असूनही मनुष्य पडू शकतो. आणि मागून घसरत येणाऱ्या मोटारीपुढे त्यांचा इलाज नाही. हिमवादळाच्या दिवशी शहाण्याने घरी बसावे. परंतु वादळाचे दिवस हिवाळ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. त्यांचा दाखला देऊन उरलेले सारे दिवस बुडविणे म्हणजे एकादशीचे निमित्त सांगून महिनाभर चूल न पेटविण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप खिळ्यांनी रस्ते उखडतात, हा. मोटारींच्या बाबतीत तो खरा आहे. जर्मनीत मोटारींना खिळ्यांचे टायर लावण्यास १९७५ पासून बंदी आहे, आणि नॉर्वेतील ऑस्लो शहरात असे टायर लावून मोटार चालविणाऱ्यास शुल्क भरावे लागते. कारण खिळ्यांनी खरवडलेल्या रस्त्याची धूळ लोकांच्या फुप्फुसांत जाते. पण मोटारीचे वजन दीड टन, आणि स्वारासह सायकलीचे शंभर किलोच्या आसपास. हत्तीचा पाय आणि मुंगीचा पाय एका पंक्तीस बसविणारे हे न्यायशास्त्र आक्षेपकांनी आपल्यापाशीच ठेवावे.

चौथा आक्षेप खर्चाचा आणि कष्टाचा. दोन चांगल्या टायरांस साधारणतः दीडशे डॉलरच्या आसपास पडतात, आणि जपून वापरल्यास ते काही हिवाळे टिकतात. मोटारीच्या एका महिन्याच्या खर्चात टायर, मडगार्ड, दिवे आणि हातमोजे मिळून काही शिल्लक राहील. टायर जड असतात आणि कोरड्या रस्त्यावर आवाज करतात, हे खरे. नेहमीच्या पंधरा मिनिटांच्या वाटेस त्यामुळे अठरा मिनिटे लागतात. ही तीन मिनिटे ज्यास वाचवावयाची आहेत त्याने ती मोटारीवरचे हिम खरवडण्यात घालविलेल्या वेळातून वजा करून पाहावीत.

पाचवा आक्षेप सर्वांत बळकट आहे. तो असा की, नगरपालिका सायकलींच्या वाटेवरचे हिम काढीत नाही. मग एकट्यादुकट्याने टायर बदलून काय साधणार? येथेही न्यायाने बोलले पाहिजे. ज्या ग्रीनवेचा मी उल्लेख केला, त्यावर हिवाळ्यात यंत्राचा नांगर फिरतो. परंतु शहरातल्या इतर रस्त्यांवर पांढरी रेघ मारून सायकलीसाठी राखलेली जी पट्टी असते, तीवर मोटारींच्या वाटेवरचे हिम लोटून ठेवण्यात येते. फेब्रुवारीत ती पट्टी दिसेनाशी होते. या वस्तुस्थितीबद्दल माझी तक्रार आक्षेपकांच्याइतकीच तीव्र आहे.

पण ती पट्टी हिम टाकावयाची जागा का झाली, याचा विचार करा. ती साफ करावी म्हणून कोणी अर्ज केला असता, तर नगरपालिका पहिला प्रश्न विचारणार: हिवाळ्यात तेथून जातो कोण? आणि आम्ही शिकलेसवरलेले, सभेत बोलू शकणारे, वर्तमानपत्रांत पत्रे लिहिणारे लोक नोव्हेंबरातच सायकली आकड्यावर टांगून मोकळे झालेले असतो. उरतो तो रात्रपाळीचा आचारी, रुग्णालयातील झाडूवाला, कोठारातला हमाल. त्यास अर्ज लिहावयास सवड नाही, आणि सभेच्या वेळी तो कामावर असतो. आम्ही सायकल तळघरात टाकतो तेव्हा ती एकटी खाली जात नाही. तिच्याबरोबर रस्त्यावरचा आमचा हक्क जातो, आणि आमच्याबरोबर त्याचाही जातो. आमच्याजवळ मोटार असल्यामुळे आमचे काही बिघडत नाही. बिघडते त्याचे, आणि ते त्या वळणावर बिघडते.

जेथे हे उलट घडले आहे, तेथील स्थिती पाहण्यासारखी आहे. फिनलंडमधील औलू हे दोन लाखांवर वस्तीचे शहर ६५ उत्तर अक्षांशावर, उत्तर ध्रुववृत्तापासून पावणेदोनशे किलोमीटरांच्या आत आहे. डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम साडेतीन-चार तासांचा असतो. तेथे शाळकरी मुले हिमातून सायकलीवर शाळेस जातात आणि नगरपालिका त्यांच्या वाटांवर पहाटेपासून नांगर फिरविते. हिवाळी सायकलीचा विचार करण्यासाठी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली याच शहरात भरली. २०१६ साली ती मिनिआपोलिसमध्येही भरली. कोपनहेगन शहरात सायकलींच्या मुख्य मार्गांवरचे हिम प्रथम हटविण्याचा परिपाठ आहे. या शहरांचे आकाश काही निराळे नाही. औलूत तर थंडी तीच, अंधार तोच, किंबहुना अधिक. लोक रस्त्यावर दिसत राहिले म्हणून नांगर आला, आणि नांगर आला म्हणून लोक वाढले. या चक्राला कोठून तरी पहिला धक्का द्यावा लागतो. तो धक्का ज्याच्या अंगी बळ आहे त्याने द्यावयाचा, की जो रोज वळणावर पडतो त्याने?

आता पुण्याकडे वळतो. कारण वाद तेथूनच सुरू झाला होता. 'हे काय पुणं आहे?' या प्रश्नाचा अर्थ असा की, पुण्यास हिम पडत नाही, तेव्हा तेथे सायकलीस अडचण नसावी. मी सुट्टीत ऐन आषाढात पुण्यास गेलो आणि नव्या सायकलीची चौकशी केली, तेव्हा दुकानात मांडलेल्या चकचकीत सायकलींपैकी निम्म्यांवर मडगार्ड नव्हते, आणि घरी हा विषय काढताच वडीलधारी मंडळी म्हणाली, "पावसात कुठे सायकल काढतोस? दिवाळीनंतर बघू." तिकडे दिवाळीनंतर ठेवून द्यावयाची, इकडे दिवाळीनंतर काढावयाची! दोन्हीकडच्या सबबी एकत्र केल्या, तर वर्षात सायकलीचा एकही महिना शिल्लक राहणार नाही.

आणि हे त्या शहरात, ज्यास एके काळी सायकलींचे शहर म्हणत. आमच्या वडिलांच्या पिढीतली काळी सायकल आठवा. अठ्ठावीस इंची मोठी चाके. टायर व मडगार्ड यांमध्ये चिखल निघून जावा इतकी ऐसपैस जागा. साखळीवर पूर्ण झाकण. मागे कॅरिअर, खाली स्टँड, चाकावर टेकणारा डायनामो. ती जड होती, ओल्या रिमवर तिचे ब्रेक धड लागत नसत, आणि तिच्यावर कोणी शर्यत जिंकली नाही. पण ती वाहन होती. मृगापासून हस्तापर्यंत ती कचेरीत जात असे आणि धोतराचा सोगा कोरडा ठेवीत असे. तिच्यावरचे मडगार्ड काढून टाकण्यास आम्ही प्रगती म्हणू लागलो. मग पाठीवर चिखलाची रेघ उठू लागली. मग पावसात सायकल चालविणे हे सभ्य माणसाचे काम नव्हे असे ठरले. आजही पावसात पुण्याच्या रस्त्यांवर सायकली दिसतात. त्यांवर गवंड्यांच्या हाताखालची माणसे असतात, राखणदार असतात, दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारी मुले असतात. मिनिआपोलिसमधल्या त्या आचाऱ्याचे हे सख्खे भाऊ होत. २०१७ साली पुणे महानगरपालिकेने सायकलींचा मोठा आराखडा मंजूर केला. तो उत्तम असेल. पण जून ते सप्टेंबर ज्या वाटेवर मतदार म्हणून मोजला जाणारा मनुष्य दिसत नाही, त्या वाटेवरचे खड्डे कोणता आराखडा बुजविणार?

कोणी असे समजू नये की, मी पुण्यास खिळ्यांचे टायर आणावयास सांगतो आहे. तो नालेसाठी घोडा होईल. पुण्यास हवे आहे ते फक्त पुण्याचे: खोल नक्षीचा टायर, रुंद मडगार्ड, त्याच्या टोकास रबराची जीभ, साखळीवर झाकण आणि मागे लाल दिवा. कोकणातला शेतकरी पाऊस लागला म्हणून लावणी थांबवीत नाही. तो इरले घेतो आणि खाचरात उतरतो. पावसास त्याने कधी दोष दिल्याचे ऐकिवात नाही. मडगार्ड हे सायकलीचे इरलेच आहे.

माझ्या यजमान स्नेह्यांस हा लेख मी मुद्दाम पाठविणार आहे. अंगण वाकडे नाही असे मी म्हणत नाही. ते वाकडे आहे. मिनिआपोलिसमध्ये आहे आणि पुण्यात तर फारच आहे. माझे म्हणणे इतकेच की, ते वाकडे असल्याची तक्रार करण्याचा अधिकार नाचावयास उतरलेल्यास आहे, माजघरात बसून चाळ गुंडाळून ठेवणाऱ्यास नाही. तेव्हा तिकडच्यांनी ऑक्टोबर सरण्यापूर्वी एक रविवार काढावा. इकडच्यांनी मृग लागण्यापूर्वी काढावा. पाना घ्यावा, आधी टायर आणि मग मडगार्ड हा क्रम ध्यानी ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलीने कामावर जावे. त्यानंतर नगरपालिकेच्या दारी अंगणाचा वाकडेपणा मोजावयास जावयाचे ठरले, तर मीही तुमच्याबरोबर येईन. आणि त्या पहाटेचा आचारी भेटला, तर त्यासही बरोबर घेऊ.